सोलॅनम पेनेलिआय : पेरूतल्या कोरड्या उतारांवरचा रानटोमॅटो (वर्णन, ओळख, लागवड)

पर्णिका

टोमॅटोच्या रानटी नातलगांविषयी इथे अधूनमधून विचारणा होते. हिरव्या फळाचा कुठलाही रानटोमॅटो दिसला की त्याला ‘पेनेली’ म्हणून टाकायची सवय लागली आहे. म्हणून या एका जातीचं नीट वर्णन देते. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा, भर घाला.

जात : सोलॅनम पेनेलिआय. डोनोव्हन कॉरेल यांनी 1958 साली वर्णन केली. नाव अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिस पेनेल यांच्यावरून. मुख्यतः पेरूची. अँडीजचा पश्चिम उतार आणि किनाऱ्यालगतचा वाळवंटी पट्टा, दक्षिणेला थेट चिलीच्या उत्तर टोकापर्यंत. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरच्या वरपर्यंत सापडते. जागा ठरलेल्या : खडकाळ डोंगरउतार, वाळूचे पट्टे, कोरड्या ओढ्यांची पात्रं. वर्षातले बरेच महिने आजूबाजूला दुसरं हिरवं पान नसतं अशा ठिकाणी ही उभी असते.

झाड : बहुवर्षायू, बुंध्याशी काष्ठमय, आधी ताठ आणि मग पसरत जाणारं. उंची साधारण मीटरभर. सगळ्या कोवळ्या भागांवर आखूड ग्रंथिल केस. हात लावला की बोटं चिकटतात आणि तो चिकटा नुसत्या पाण्याने जात नाही.

पान : विषमदली संयुक्त, पण आपल्या टोमॅटोसारखं कातरलेलं नाही. पर्णिका (पानाचे सुटे छोटे भाग) थोड्या, रुंद, जवळजवळ गोल, कडा बोथट दंतुर. पान जाडसर, फिक्या हिरव्या रंगाचं. मोठ्या पर्णिकांच्या मध्येमध्ये येणाऱ्या बारीक पर्णिका फारच कमी.

फुलोरा : इथे नीट बघा. फुलोऱ्यावर पानासारखी छोटी सहपत्रं असतात. टोमॅटोच्या फुलोऱ्यावर ती नसतात. फुलाच्या देठावरचा सांधा, जिथून फूल गळतं ती गाठ, टोमॅटोत देठाच्या मधोमध असते. पेनेलिआयमध्ये ती देठाच्या तळाशी असते.

फूल : पिवळं, दोन-अडीच सेंटिमीटर, किंचित असममित. परागकोशांना टोकाची वांझ (पराग नसलेली) चोच नाही.

फळ : गोल, सेंटिमीटरभर किंवा थोडं मोठं, पिकल्यावरही हिरवंच, वर बारीक केस. बिया छोट्या. गुणसूत्रं 2एन = 24 (म्हणजे पेशीत 24), टोमॅटोइतकीच.

---

भिंगवाला

छान झालंय. परागकोशांवर थोडं जास्त लिहायला हवं, कारण या जातीचा सगळा वर्गीकरणाचा इतिहास त्यावर उभा आहे.

टोमॅटोचं ताजं फूल आणि वांग्याचं ताजं फूल शेजारी ठेवा. दहापट भिंग पुरतं. वांग्यात प्रत्येक परागकोशाच्या टोकाशी दोन स्वच्छ भोकं दिसतील, पराग तिथून बाहेर पडतात. काटेरिंगणीत आणि कामोणीतही हेच. टोमॅटोत मात्र पाचही परागकोश कडेच्या केसांनी एकमेकांत गुंतून सुळका झालेला असतो, त्याला पुढे निमुळती वांझ चोच असते आणि परागकोश आतल्या बाजूने लांब चिरेने उघडतो. पराग सुळक्याच्या आत सांडून चोचीतून खाली येतात.

पेनेलिआय टोमॅटोचा इतका जवळचा नातलग असूनही त्याला चोच नाही आणि परागकोश वांग्यासारखे टोकाच्या भोकांनी उघडतात. त्या काळी टोमॅटो लायकोपर्सिकॉन या वेगळ्या प्रजातीत होता आणि त्या प्रजातीची खूण म्हणजे चोच. म्हणून कॉरेल यांनी याला सोलॅनममध्ये ठेवलं. 1982 साली डार्सी यांनी ते लायकोपर्सिकॉनमध्ये नेलं. 1993 मध्ये स्पूनर आणि सहकाऱ्यांनी हरितलवकाच्या डीएनएच्या आधारे अख्खं लायकोपर्सिकॉनच सोलॅनममध्ये परत आणलं. लिनियसने 1753 साली टोमॅटो सोलॅनममध्येच घातला होता. जुन्या शोधनिबंधात ‘लायकोपर्सिकॉन पेनेलिआय’ दिसलं तर ती हीच जात.

---

कोरडवाहू

@भिंगवाला, ‘चोच नाही म्हणजे पेनेलिआय’ असा अर्थ कुणी काढू नये म्हणून एक जोड देतो. सोलॅनम लायकोपर्सिकॉइड्स आणि सोलॅनम सिटिएन्स याही पिवळ्या फुलांच्या, बिनचोचीच्या आणि टोकाच्या भोकांच्या. त्या टोमॅटोच्या विभागाला (प्रजातीतल्या जवळच्या जातींच्या गटाला) लागून असलेल्या वेगळ्या विभागात मोडतात. फरक सोपा आहे : त्यांचे परागकोश पांढरट किंवा सायीच्या रंगाचे, पेनेलिआयचे पिवळे. त्यांची पानं बारीक कातरलेली. लायकोपर्सिकॉइड्सचं फळ पिकल्यावर जांभळट काळं पडतं, सिटिएन्सचं वाळून कोरडं होतं.

सोलॅनम ऑक्रँथम आणि जुगलँडिफोलियम यांनाही चोच नसते, पण त्या झाडांवर चढणाऱ्या दांडग्या काष्ठवेली. त्यांच्यात गोंधळ व्हायचं कारण नाही.

---

सुमेधा क

हिरव्या फळांच्या बाकीच्या जाती कशा वेगळ्या काढायच्या? फोटोवरून माझा सगळ्यात जास्त गोंधळ सोलॅनम हॅब्रोकायटिसशी होतो. तोही केसाळ, तोही वासाचा.

---

पर्णिका

सुमेधाताई, 2008 च्या पेराल्टा-स्पूनर-नॅप यांच्या वर्गीकरणात टोमॅटोच्या विभागात 13 जाती आहेत. त्यातल्या चारांची फळं पिकल्यावर लाल, नारिंगी किंवा पिवळी होतात : आपला टोमॅटो, पिंपिनेलिफोलियम आणि गालापागोस बेटांवरच्या चीझमॅनिए व गालापागेन्स. उरलेल्या नऊ हिरव्या. म्हणजे ‘फळ हिरवं’ या खुणेने फारसं काहीच हाती लागत नाही.

हॅब्रोकायटिस इक्वाडोर आणि पेरूतल्या ओलसर भागातला, ढगाळ जंगलांच्या कडांचा. झाड मोठं, पसरट, केस लांब आणि डोळ्यांना सहज दिसणारे, फूल मोठं, फळावर लांब केस आणि गडद पट्टे. परागकोशांना चोच आहे. पेनेलिआयचे केस इतके आखूड की पान दुरून गुळगुळीत वाटतं, बोट लावल्यावरच कळतं.

चिलेन्सही कोरड्या भागातला, अटाकामापर्यंत जाणारा. तो करडा, मखमली, पानं बारीक विभागलेली, फुलोऱ्याचा दांडा लांब आणि मुळं खोल जाणारी. चोच आहे. पेरुव्हिएनम, कॉर्नेलिओमुलेरी, अर्कानम, वायलासेन्स यांनाही चोच आहे. निओरिकीचं फूल तर इतकं छोटं की शंकाच राहत नाही, च्मिएलेव्स्कीचं त्याहून थोडं मोठं.

थोडक्यात, फोटो काढताना तीन गोष्टी घ्या : फुलाची बाजू अगदी जवळून, फुलोऱ्याचा दांडा सहपत्रांसह, आणि देठावरच्या सांध्याची जागा. नुसत्या फळाच्या फोटोवरून मी तरी जात सांगणार नाही.

---

माधव बी

चिकटा म्हणजे नक्की काय, ते सांगतो.

टोमॅटो कुळातल्या केसांना क्रमांक दिलेले आहेत. पेनेलिआयवर चौथ्या प्रकारचे केस दाट असतात : आखूड, बहुपेशीय दांडा, टोकाला एकच ग्रंथी. ही ग्रंथी अ‍ॅसिलशुगर तयार करते, म्हणजे साखरेच्या रेणूला मेदाम्लांचे छोटे तुकडे जोडलेले. एलए 716 या संचयात (क्रमांक देऊन जपलेल्या बियाण्याच्या नमुन्यात) हे प्रामुख्याने ग्लुकोजवर तीन ठिकाणी जोडलेले असतात. प्रमाण दांडगं : काही संचयांत पानाच्या कोरड्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत. झाडाने अन्नाचा एवढा वाटा पानाच्या पृष्ठभागावर ओतायचा हा काही लहान खर्च नाही.

उपयोग किडींविरुद्ध. मावा, पांढरी माशी, नागअळी, फुलकिडे यांना हा थर त्रासदायक. काही अडकून मरतात, काही सोंड खुपसायचं टाळतात, अंडी घालणं कमी होतं. पानावर धूळ आणि मेलेली चिलटं चिकटलेली दिसतात ती यामुळेच. लागवडीच्या टोमॅटोत चौथ्या प्रकारचे केस रोपाच्या पहिल्या पानांवर दिसतात, पुढे जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून प्रजननकारांना हा गुण टोमॅटोत हवा आहे, पण तो एका जनुकाचा खेळ नाही. केसांची संख्या, ग्रंथीचा प्रकार, साखर बनवणारी विकरांची साखळी, हे सगळं एकत्र आणावं लागतं. निम्मं आणलं तर चिकटा पातळ पडतो आणि माशीला फरक पडत नाही.

अपवादही आहे. प्युबेरुलम या उपप्रकारात ग्रंथिल केस नसतात. चिकटा नाही म्हणून झाड लगेच बाद करू नका, परागकोश बघा.

---

कोरडवाहू

कोरड्याशी जुळवून घेण्याबद्दल थोडं. पानाच्या दोन्ही बाजूंना पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) जवळजवळ सारखीच असतात. टोमॅटोत ती खालच्या बाजूला कितीतरी जास्त. पान जाड, वाढ संथ, आणि वापरलेल्या दर थेंबामागे तयार होणारं कोरडं वजन टोमॅटोपेक्षा जास्त. पण मुळांचा पसारा मात्र झाडाच्या मानाने लहान. चिलेन्स खोल मुळांनी पाणी शोधतो, पेनेलिआय पाणी कमी खर्च करून भागवतो. दोन्ही दुष्काळसहनशील म्हणून एका ओळीत लिहिले जातात, पण मार्ग अगदी वेगळे. कुंडीत लावताना हा फरक जीवावर बेततो.

---

जुन्नरकर

लागवडीबद्दलच विचारायचं होतं. आमच्या भागात टोमॅटोचं पीक मोठं, त्यामुळे नातलगांविषयी कुतूहल आहे. एक प्रश्न : बाजारातल्या लीफ कर्ल (पानं वळवणारा विषाणूरोग) सहनशील संकरित वाणांत पेनेलिआयचा अंश असतो का? दुसरा : बी मिळालं तर उगवण कशी करायची?

---

माधव बी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : लीफ कर्लसाठी नाही. त्या सहनशीलतेची जनुकं दुसऱ्या नातलगांकडून आली. टीवाय-1 आणि टीवाय-3 चिलेन्सकडून, टीवाय-2 हॅब्रोकायटिसकडून. टीवाय-2 चा मूळ स्रोत असलेली एच-24 ही वाण-ओळ भारतातच तयार झाली. विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर ही जनुकं सारखी चालत नाहीत, म्हणून आता एकाहून जास्त एकत्र घालतात.

पेनेलिआयकडून आलेलं शेतातलं मोठं देणं म्हणजे आय-3, फ्युजेरियम मर या बुरशीजन्य रोगाच्या तिसऱ्या वंशाविरुद्ध, सातव्या गुणसूत्रावर. त्याच्या शेजारचा रानटी तुकडाही सोबत येतो, त्यामुळे फळ लहान राहणं आणि जिवाणूजन्य ठिपक्यांना जास्त बळी पडणं अशा तक्रारी होत्या. तुकडा आखूड करत जाणं हेच त्यावरचं काम.

संशोधनात याचं स्थान याहून मोठं. इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठात एशेद आणि झमीर यांनी एम82 हा टोमॅटो आणि एलए 716 यांच्या संकरातून अशा ओळी केल्या की प्रत्येकीत टोमॅटोच्या जीनोममध्ये (सगळ्या जनुकीय संचात) पेनेलिआयचा फक्त एक तुकडा. आधी 50, नंतर 76. सगळ्या मिळून संपूर्ण रानटी जीनोम झाकला जातो. कुठल्या तुकड्याने काय बदलतं ते थेट शेतात बघता येतं. फळाच्या वजनाचं एफडब्ल्यू 2.2 हे जनुक 2000 साली वेगळं काढलं गेलं, तेही पेनेलिआयच्याच संकरातून. फळातली साखर वाढवणारा नवव्या गुणसूत्रावरचा तुकडाही याच ओळींतून हाती आला. सेंटिमीटरभराच्या हिरव्या, न खाण्याजोग्या फळात गोडी वाढवणारं जनुक लपलेलं होतं. रानटी झाडाची किंमत त्याच्या फळाच्या दिसण्यावरून करू नये असं मी म्हणतो ते यासाठी. एलए 716 चा पूर्ण जीनोम 2014 मध्ये प्रसिद्ध झाला.

उगवणीबद्दल पर्णिकाताई सांगतील.

---

पर्णिका

सांगते. रानटोमॅटोचं बी नुसतं पेरलं तर उगवण तुटक होते. काही आठवड्यात, काही महिन्याने, काही कधीच नाही. बीजावरणाचा बाहेरचा थर आडवा येतो. तो उतरवायला सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. टोमॅटो जनुकसंपदेचा मोठा संग्रह डेव्हिस, कॅलिफोर्नियाला आहे, तिथली पद्धत अशी : 2.7 टक्के द्रावणात 30 मिनिटं, मग वाहत्या पाण्यात भरपूर धुणं.

आपल्याकडच्या बाटलीवर टक्केवारी वाचा. 4 टक्क्यांचं असेल तर 68 मिली ब्लीच आणि 32 मिली पाणी, म्हणजे 100 मिली द्रावण साधारण 2.7 टक्क्यांचं. 5.4 टक्क्यांचं असेल तर निम्मंनिम्म. उघडून सहा महिने झालेली बाटली वापरू नका, ताकद उतरलेली असते आणि मग ‘पद्धत चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. सुगंधी किंवा साबणमिश्रित ब्लीच नको. बी चहाच्या गाळणीत ठेवून बुडवा, मध्ये दोनतीनदा हलवा. धुताना घाई झाली तर मूळ बाहेर येतं पण टोक तपकिरी पडून थांबतं. निदान पाच मिनिटं तरी नळाखाली.

मग ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या डबीत, 25 अंशांच्या आसपास. साधारण आठवड्याभरात मूळ दिसतं, मागे राहिलेल्यांना दोन आठवडे द्या. मूळ अर्धा सेंटिमीटर झालं की चिमट्याने बीजावरण धरून ट्रेमध्ये हलवा. मुळाला चिमटा लावू नका.

---

कोरडवाहू

आणि इथून पुढे बहुतेकांची रोपं मरतात, ती जास्त पाण्याने. नुसतं कोकोपीट वापरू नका, ते आतून ओलं राहतं. दोन भाग जाड नदीची वाळू किंवा परलाइट आणि एक भाग चाळलेलं कंपोस्ट. वाळू धुऊन घ्या, तिच्यातली माती खाली बसून थर करते. ट्रेमधला वरचा सेंटिमीटरभर थर सुकल्याशिवाय पाणी नाही. रोप मानेजवळ काळं पडून आडवं झालं तर ते गेलं, शेजारची वाचवायला ट्रे उघड्यावर वाऱ्यात ठेवा.

नंतर मातीची कुंडी, 8 ते 10 इंची, तळाला भोक मोठं. प्लास्टिकच्या कुंडीत मूळ गुदमरतं. काळी माती थोडीसुद्धा मिसळू नका. खत टोमॅटोच्या निम्मं. नत्र जास्त झालं की खोड लुसलुशीत होतं आणि फुलं लांबतात. पानावर पाणी मारू नका. चिकट पानावर धूळ बसून चिखल होतो आणि बुरशीला जागा मिळते.

आपल्याकडे पेरणी ऑक्टोबरच्या मध्यात. फुलं थंडीत येतात तेव्हा रात्री 13-18 अंश असतात, पराग चांगला असतो. एप्रिलमध्ये 35 च्या वर गेलं की फुलं येतात पण धरत नाहीत. पावसाळ्यात उघड्यावर टिकवायचा हट्ट करू नका, वर पारदर्शक छप्पर हवंच.

---

सुमेधा क

फुलं आली पण एकही फळ धरलं नाही, असं काहींनी लिहिलं होतं. तापमान ठीक असूनही. कारण?

---

भिंगवाला

बहुतेक वेळा झाड एकटं असतं हे कारण. पेनेलिआयचे बहुतेक संचय स्व-असंगत आहेत. स्वतःचा पराग कुक्षिवृंतातच (फुलाच्या मादी भागाच्या दांड्यातच) अडवला जातो. दोन वेगळी रोपं हवीतच. बी टिकवायचं असेल तर 15-20 रोपं ठेवून आपापसात परागीभवन करा, नाहीतर दोनतीन पिढ्यांत संचयाची विविधता आटते. अपवाद एलए 716, किनाऱ्यावरच्या आतिको भागातला. तो स्वतःच्या परागाने फळतो. संशोधनात तो एवढा का वापरला जातो त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरं, पराग भोकांतून बाहेर यायला कंप लागतो. मधमाशी हे करू शकत नाही. आपल्याकडचे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या एकाकी माश्या करतात. बाल्कनीत त्या आल्या नाहीत तर विजेचा टूथब्रश देठामागे दोन सेकंद टेकवा आणि फुलाखाली छोटी कुपी धरा, पिवळी पूड पडते. सकाळी नऊ ते अकरा, दंव सुकल्यावर. ओला पराग गोळा होऊन भोकातच बसतो.

---

जुन्नरकर

टोमॅटोशी संकर करायचा तर आई कुणाला करायचं?

---

माधव बी

टोमॅटोला. उलट केलं तर होत नाही. पेनेलिआयचा कुक्षिवृंत टोमॅटोचा पराग अडवतो, टोमॅटोचा कुक्षिवृंत पेनेलिआयचा पराग चालू देतो. पहिल्या पिढीचा संकरही टोमॅटोचा पराग नाकारतो, त्यामुळे पुढच्या प्रत्येक मागे-संकरात (टोमॅटोशी पुन्हा केलेल्या संकरात) आई टोमॅटोच ठेवा. इथे फार जण अडकतात : संकराच्या झाडावर टोमॅटोचा पराग लावत बसतात आणि संकर वांझ आहे असं ठरवून उपटून टाकतात.

कृती. टोमॅटोची कळी अशी निवडा की पाकळ्या निदलांच्या (कळीवरच्या हिरव्या पाकळ्यांच्या) बाहेर आल्यात, फिक्या पिवळ्या आहेत, पण उघडल्या नाहीत. म्हणजे फुलायच्या आदल्या दिवशीची. बारीक चिमट्याने परागकोशांचा सुळका तळाशी चिरून अख्खा ओढून काढा. कुक्षी (पराग धरणारं मादी टोक) खरवडली तर ती कळी सोडून द्या. सुळका हिरवट असला तर कळी फार लवकरची, गडद पिवळा असला तर उशीर झाला, आत स्वतःचा पराग सांडला असण्याची शक्यता. पराग लगेच एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा लावा. दोन निदलं कापून खूण करा, दोरा बांधला तर देठ सांध्यावर तुटतो. फळ पिकायला दीड ते दोन महिने. पहिल्या पिढीची फळं छोटी आणि हिरवट येतात, घाबरू नका.

आणि रानटी फळ चाखायचं नाही. हिरव्या फळांत कडू अल्कलॉइड असतात.

---

सुमेधा क

फळ पिकलंय हे हिरव्या फळात कसं ओळखायचं? आणि बी मागवायची वैध वाट कुठली?

---

पर्णिका

दाबून. पिकलेलं फळ मऊ पडतं, थोडं पांढुरकं होतं आणि हलक्या हाताने सुटतं. कडक फळातलं बी अपुरं भरलेलं असतं. गर काढून पाण्यात एक दिवस आंबवा, त्याहून जास्त नको, बी छोटं आहे, गाळणी बारीक घ्या. सावलीत, पंख्याखाली, ताटलीवर पसरून वाळवा. कागदावर चिकटतं. कडकडीत वाळलं की घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये.

परदेशातून पाकिटात घालून मागवू नका. भारतात बी आणायला 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो, आणि संशोधनासाठीचं बी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत तपासून येतं. डेव्हिसचा संग्रह संशोधक आणि प्रजननकारांना बी देतो. वैयक्तिक हौसेपेक्षा एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या प्रकल्पातून अर्ज केला तर कागदपत्रं सरळ जातात. अर्जात संचयाचा क्रमांक लिहा, नुसतं ‘पेनेलिआय’ नको, कारण स्व-संगत की स्व-असंगत हे संचयावरच ठरतं.